गाठ अजून आहे, मी मात्र बरी आहे

“गाठ गेली का?”

गर्भाशयातल्या फायब्रॉइडवर, म्हणजे स्नायूच्या गाठीवर, एम्बोलायझेशन (गाठीचं रक्त तोडायचा उपचार) करून घेतल्याला दीडेक वर्ष झालं, तरी भेटणाऱ्या बायका आधी हेच विचारतात. नाही गेली, म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. ‘मग एवढं करून उपयोग काय?’ हा पुढचा प्रश्न त्या भिडेपोटी गिळतात, पण मला खरं तर त्याचंच उत्तर द्यायचं असतं. गाठ आहे. पूर्वीपेक्षा लहान आहे, पण आहे. आणि माझे दिवस आता असे जातात की ती आहे याची आठवण मला दुसऱ्यांनी करून द्यावी लागते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढणं, नळ्यांवर नावं घालणं, मशीनमधून आकडे काढणं आणि आकड्यावर विश्वास बसला नाही तर स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे आकड्यांबद्दल मला आदर आहे आणि तितकाच संशयही. कुठलाही आकडा समोर आला की मी आधी बघते, की हे नक्की कशाचं माप आहे. गाठ किती सेंटिमीटरची आहे, हे गाठीचं माप झालं. माझं नाही.

पुढचं सगळं तपशिलात लिहिलंय. अंगावरून जाणं, गुठळ्या, डाग हे वाचायला ज्यांना नको वाटतं त्यांनी इथेच थांबावं, मला राग नाही.

आधीची परिस्थिती अशी होती. पाळी आठ-नऊ दिवस चालायची. त्यातले पहिले तीन-चार दिवस इतकं अंगावरून जायचं की रात्री अलार्म लावून पॅड बदलायला उठावं लागे. एकावर एक दोन पॅड, गडद रंगाचे कपडे, खुर्चीवरून उठलं की आधी मागे वळून खुर्ची बघायची. पेशंटचं रक्त काढताना खाली वाकायचं आणि सरळ होताना भस्सकन काहीतरी गेल्याचं जाणवायचं, पण हातात सुई असताना जाणार कुठे? पाळी नसताना तरी मोकळं असावं, तर तेव्हा लघवीची घाई. सगळ्यांत मोठी गाठ पुढच्या बाजूला वाढून मूत्राशयावर दाबत होती.

“रक्तस्राव किती होतो?” असं डॉक्टर विचारतात, तेव्हा काय सांगायचं हा प्रश्नच असतो. पूर्वी पुस्तकात एक आकडा असायचा: एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त गेलं तर ते जास्त. संशोधन करणारे लोक वापरलेले पॅड गोळा करून, रसायनात भिजवून, त्यातलं हिमोग्लोबिन मोजत. लॅबमध्ये काम करूनही मी ते करायला धजले नसते. आता ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मिलिलिटरला महत्त्व नाही. बाईच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक किंवा व्यवहारातल्या जगण्यात अडथळा आणणारा रक्तस्राव म्हणजे जास्त रक्तस्राव, अशी तिथली व्याख्या आहे. म्हणजे किती जातंय हे ठरवायचा अधिकार जिचं जातंय तिच्याकडे आला.

मिलिलिटर मात्र लोहाचा हिशेब समजायला उपयोगी पडतात. चांगल्या रक्ताच्या १ मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. ८० मिलिलिटर गेले की ४० मिलिग्रॅम लोह गेलं. आतडं दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम लोह आत घेतं, टंचाई असेल तर थोडं जास्त, आणि त्यातलं बरंचसं पाळी नसतानाही शरीराच्या नेहमीच्या झिजेत जातं. माझ्यासारखीचं ८० च्या दुप्पट जात असेल, तर दर महिन्याला खर्च जमेपेक्षा जास्त. साठा संपेपर्यंत हे चालतं, नंतर हिमोग्लोबिन पडायला लागतं. माझं आठच्या आसपास आलं होतं. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचं सरासरी आकारमान, ८० च्या वर असायला हवं, ते सत्तरच्याही खाली. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, एक आकडी. स्वतःची स्लाइड मी स्वतःच बघितली: लहान, फिकट, मधोमध पोकळ दिसणाऱ्या पेशी आणि मधूनच लांबट, ज्यांना आम्ही पेन्सिल सेल म्हणतो. दुसऱ्या कुणाची असती तर रिपोर्टबरोबर ‘डॉक्टरांना लगेच भेटा’ असा निरोप दिला असता.

त्या काळात मला बर्फ चघळायची विलक्षण ओढ लागली होती. लोहाच्या कमतरतेत असं होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ‘माहीत असणं’ आणि रात्री दोन वाजता फ्रीजसमोर उभं राहून कडाकड बर्फ फोडणं, या दोन गोष्टी एकाच वेळी चालू शकतात.

उपचार निवडण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण प्रत्येकीच्या गाठी वेगळ्या. गाठ केवढी आहे यापेक्षा कुठे आहे याला जास्त किंमत असते. पोकळीत डोकावणारी लहानशी गाठही रक्ताचा पाट वाहवते आणि बाहेरच्या अंगाला वाढलेली मोठी गाठ कित्येकदा गप्प असते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ‘फिगो’ने, जागेनुसार ० ते ८ असे प्रकार पाडले आहेत. माझी मोठी गाठ गर्भाशयाच्या भिंतीतली, ८ सेंटिमीटरची, आत पोकळीला रेटा देणारी. सोबत दोन-तीन किरकोळ. समोर पर्याय होते: पिशवी काढणं, दुर्बिणीने किंवा पोट उघडून फक्त गाठी काढणं, हार्मोनच्या गोळ्या, उष्णतेने किंवा अल्ट्रासाउंडच्या लहरींनी गाठ जाळणं आणि एम्बोलायझेशन. मी चव्वेचाळिशीतली, एक लेक आहे, आणखी मूल नको होतं. मूल हवं असतं तर आधी गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार केला असता, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या. एम्बोलायझेशननंतरच्या गरोदरपणाबद्दलची माहिती अजून तोकडी आहे.

पिशवीबद्दल मला काही हळवेपणा नव्हता, हेही सांगून टाकते. आठ हिमोग्लोबिनवर मोठं ऑपरेशन नको होतं आणि लांब सुट्टी परवडणारी नव्हती. माझ्या निर्णयामागे एवढंच होतं.

या उपचाराचा जन्म मात्र मजेशीर आहे. फ्रान्समधले स्त्रीरोगतज्ज्ञ जाक राव्हिना आणि त्यांचे सहकारी फायब्रॉइडच्या शस्त्रक्रियेआधी गर्भाशयाच्या धमन्या बंद करत. हेतू एवढाच की टेबलावर रक्त कमी जावं. पण धमन्या बंद केल्यावर बऱ्याच बायकांना इतकं बरं वाटायला लागलं की पुढची शस्त्रक्रिया करायचं कारणच उरलं नाही. १९९५ साली त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. बायकांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणावं आणि कुणीतरी ते ऐकून घ्यावं, यातून एक उपचार निघाला!

प्रत्यक्ष काम तासा-दीड तासात झालं. पूर्ण भूल नव्हती, गुंगीचं औषध होतं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी सरकवत इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टनी ती आधी एका बाजूच्या आणि मग दुसऱ्या बाजूच्या गर्भाशयाच्या धमनीत नेली. डाय सोडला की ओटीपोटात गरम लाट पसरल्यासारखं वाटतं. मग बारीक गोल कण सोडतात. मी गुंगीतही विचारलं, किती मायक्रॉनचे? पाचशे ते सातशे, ते म्हणाले. लाल पेशीचा व्यास ७ मायक्रॉन. म्हणजे पेशीच्या शंभरपटीपर्यंत मोठा एकेक कण. तो गाठीच्या रक्तवाहिन्यांत जाऊन अडकतो, गाठ उपाशी पडते. बाकीच्या गर्भाशयाला आजूबाजूच्या वाहिन्यांतून रक्त मिळत राहतं, म्हणून ते तगतं.

आता दुखण्याबद्दल. छिद्र दोन-तीन मिलिमीटरचं म्हणून दुखणंही तेवढंच, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. रक्त तोडलेला स्नायू ओरडतोच. टेबलावरून खाटेवर येईपर्यंत कळा सुरू झाल्या आणि रात्रभर वाढत गेल्या. बाळंतपणाच्या कळांना मध्ये विसावा असतो, यांना नव्हता. हातात वेदनाशामकाच्या पंपाचं बटण दिलं होतं. दुखलं की दाबायचं, ठरावीक वेळेच्या आत पुन्हा दाबलं तर औषध येत नाही. मी घड्याळाकडे बघून दाबत होते. शिवाय मळमळ. पाणीही पोटात ठरेना. नवरा शेजारच्या स्टुलावर बसून “डॉक्टरांना बोलावू का?” एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याला मी काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कळांची धार गेली आणि संध्याकाळी मी घरी होते.

हे आधी सांगितलेलं असलं की सोसवतं. मला सांगितलं होतं. वॉर्डातल्या दुसऱ्या बाईला बहुधा ‘अगदी छोटीशी प्रोसिजर’ एवढंच सांगितलेलं असावं, कारण ती रात्रभर नर्सला विचारत होती की माझं काही बिघडलंय का.

पुढचा आठवडा अंगात कणकण, ओटीपोटात जडपणा, भूक नाही. डिस्चार्जच्या दिवशीच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या आणि मी मनात लगेच ‘इन्फेक्शन’ असं लिहूनही टाकलं. डॉक्टर म्हणाल्या, “तुम्ही तुमचे रिपोर्ट वाचणं थोडे दिवस बंद करा.” गाठीतला स्नायू मरतो तेव्हा पहिल्या काही दिवसांत थोडा ताप आणि वाढलेल्या पेशी अपेक्षितच असतात. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची: आठवडाभराने, सगळं शांत होत आलेलं असताना पुन्हा चढलेला ताप, अंगावरून घाण वासाचं जाणं, कमी होत आलेलं पोट पुन्हा वाढत्या जोराने दुखणं. असं काही झालं तर रात्र असली तरी फोन करायचा, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. माझ्यावर ती वेळ आली नाही. तपकिरी, पातळ असं मात्र कित्येक आठवडे जात राहिलं, आणि एकदा पोटात कळ येऊन मांसासारखा तुकडा पडला. पोकळीकडच्या गाठीचे तुकडे असे पडू शकतात, हे माहीत असूनही पोटात गोळा आला. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. (लॅबवाल्यांना हे जमतं.)

दोनेक आठवड्यांनी अर्धा वेळ कामावर गेले. वजनदार खोकी उचलायला सहकाऱ्यांनी मला हात लावू दिला नाही, हे त्यांचे उपकार.

पहिली पाळी लांबली आणि आली ती अंदाज न लागणारी, आधी थेंबथेंब आणि मग एक दिवस जोरात. दुसरी बरी. चाळिशीच्या पुढच्या बायकांत, विशेषतः पंचेचाळिशीनंतर, काही वेळा या उपचारानंतर पाळी कायमची थांबते, कारण अंडाशयाकडे जाणाऱ्या वाहिन्यांतही थोडे कण पोचू शकतात. म्हणून ती लांबली तेव्हा मी सावध होते. पण आली. तिसऱ्या पाळीत एका सकाळी जाग आली ती उजाडल्यावर. अलार्म लावायला विसरले होते, चादर कोरी होती. अजून पाळी पाच दिवस चालते. पहिल्या दोन दिवसांत पॅड बदलावे लागतात, पण चार तास टिकतात. चार तास म्हणजे काय हे ज्यांना कळत नाही त्यांचं भलं झालेलं आहे.

सहा महिन्यांनी एमआरआय झाला. ८ सेंटिमीटरची गाठ ६.४ वर आली होती. घरी सगळ्यांचं तोंड एवढंसं झालं. आठाची साडेसहा, बस? पण सेंटिमीटर हा व्यास झाला. गाठ गोल आहे, तिच्या आकारमानासाठी व्यासाचा घन करावा लागतो. ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.५१. निम्मी गाठ गेली होती! सहा महिन्यांत साधारण एवढंच आक्रसणं अपेक्षित असतं. आणि उरलेल्या निम्म्या गाठीत डाय शिरत नव्हता, म्हणजे तिला रक्त नव्हतं. रिपोर्टातली ही ओळ कुणी वाचतच नाही, सगळे सेंटिमीटर वाचतात. रक्त तोडलेली ६ सेंटिमीटरची गाठ आणि जिवंत ६ सेंटिमीटरची गाठ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ती. रक्तस्राव तिसऱ्या पाळीला आटोक्यात आला, तरी मी थकलेलीच होते. जिना चढताना धाप, दुपारी तीननंतर डोकं बधिर, केस गळणं चालूच. नवरा म्हणाला, “आता तर सगळं व्यवस्थित झालंय ना?” खरं तर झालेलं फक्त एवढंच होतं की गळती थांबली होती. आधी गेलेलं लोह एम्बोलायझेशनने परत मिळत नाही. लोहाची तूट काढायचं एक जुनं सूत्र आहे: वजन गुणिले (१५ वजा हिमोग्लोबिन) गुणिले २.४ आणि त्यात साठ्यासाठी ५००. वजन ६० किलो आणि हिमोग्लोबिन ८ धरलं तर तूट येते १,५०० मिलिग्रॅमच्या आसपास. आणि आतडं दिवसाला किती घेतं ते वर लिहिलंच आहे. गोळ्या मी त्याआधीही दोन वर्षं खात होते. हिमोग्लोबिन दहापर्यंत चढायचं आणि दोन पाळ्यांत खाली यायचं. गळती थांबल्यावर शिरेतून लोह दिलं तेव्हा पहिल्यांदा आकडा चढला आणि चढलेलाच राहिला.

बर्फाची ओढ सगळ्यांत आधी गेली, हिमोग्लोबिन नीट वाढायच्याही आधी. मग एक दिवस मी पुन्हा स्वतःची स्लाइड केली. माझ्या कामाच्या इतक्या वर्षांत मी एवढा वेळ एकाच स्लाइडवर घालवला नसेल. तिच्यात दोन पिढ्या शेजारीशेजारी होत्या: जुन्या लहान फिकट पेशी आणि नव्या, पूर्ण मापाच्या, छान रंग भरलेल्या. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून काही महिने दोन्ही एकत्र दिसतात. मशीनने आरडीडब्ल्यू वाढल्याचं लाल अक्षरात दाखवलं, कारण त्याच्या दृष्टीने पेशींचे आकार एकसारखे नव्हते. मला तो लाल आकडा आवडला.

पण हिमोग्लोबिन बारावर पोचलं तेव्हाही मी पुरती बरी नव्हते, कारण फेरिटिन अजून ११ होतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांमध्ये १५ च्या खाली कमतरता मानते. हिमोग्लोबिन नॉर्मल आलं की लोहाच्या गोळ्या बंद होतात, हे मी आमच्याच पेशंटमध्ये कित्येकदा बघते. साठा भरायला त्यानंतर महिने लागतात. एम्बोलायझेशन झालेल्या, मायोमेक्टमी (फक्त गाठी काढण्याची शस्त्रक्रिया) झालेल्या, पिशवी काढलेल्या, सगळ्याच बायकांना माझं हे एक सांगणं आहे: फेरिटिन तपासा. “आता तर गाठीचं झालं, मग अजून दमतेस कशी?” असं ऐकून घेत बसू नका.

उपचाराआधी आणि सहा महिन्यांनी मला एक छापील प्रश्नावली भरायला दिली होती. यूएफएस-क्यूओएल तिचं नाव, २००२ साली प्रसिद्ध झालेली, खास फायब्रॉइडच्या बायकांसाठी. ३७ प्रश्न, मागच्या तीन महिन्यांबद्दलचे. आठ प्रश्न त्रासाबद्दल, बाकीचे २९ जगण्याबद्दल. पाळी कधी येईल या विचाराने अस्वस्थ वाटतं का, डाग पडण्याची धास्ती वाटते का, प्रवासाची भीती वाटते का, कपडे निवडणं अवघड जातं का, पोटाच्या आकाराने संकोच वाटतो का, आयुष्य आपल्या हातात राहिलेलं नाही असं वाटतं का. इतक्या वर्षांत इतक्या तपासण्या झाल्या, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं म्हणून मीही ते आजाराच्या खात्यात धरलं नव्हतं. प्रवासाला न जाणं हा माझा स्वभाव आहे, असं घरातले समजत होते आणि मीही.

उत्तरांचे ० ते १०० गुण करतात. जगण्याचे माझे गुण आधी तिशीत होते, सहा महिन्यांनी सत्तरच्या वर, आणि परवा सहज पुन्हा भरून बघितलं तर आणखी चढलेले. पण बेरजेपेक्षा प्रत्येक खात्यात काय झालं ते बघण्यासारखं आहे. उत्साह आणि ‘हातात असणं’ ही खाती वर गेली. पोटाबद्दलचा संकोच फार हलला नाही. पोट थोडं उतरलंय, तरी आहे. शरीरसंबंधांचं खातं सगळ्यांत सावकाश हललं. पूर्वी महिन्यातले निम्मे दिवस तो विषयच नसायचा, उरलेल्या दिवसांत दुखायचं. आता दुखत नाही, पण दुखेल म्हणून अंग आवळून घ्यायची सवय शरीराने लगेच सोडली नाही. त्याला वेळ लागला आणि नवऱ्याशी थोडं अवघडलेलं, थोडं हसवणारं बोलणं लागलं. सहा महिन्यांच्या आकड्यात हे दिसलं नसतं.

आणि पर्समधली पॅडची पिशवी मी अजून बाळगते. खुर्चीवरून उठताना वळून बघणं अजून सुटलेलं नाही.

माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने पिशवी काढून घेतली होती. तिचं म्हणणं ठाम आहे: “अगं, एकदाच काय ते करून मोकळं व्हायचं. तुझं आपलं पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा धाकधूक.” तिचं चूक नाही. तिला महिनाभर जड उचलता येत नव्हतं, पण त्यानंतर पाळी नाही, गाठ नाही, विषय बंद. मी एकदा तिच्यासमोर संशोधन वाचून दाखवायला गेले. ब्रिटनमधल्या ‘रेस्ट’ चाचणीत १५७ बायका होत्या. एम्बोलायझेशनवाल्या साधारण एक दिवसात घरी, शस्त्रक्रियावाल्या पाच दिवसांनी, आणि वर्षभराने दोन्हींकडच्या जगण्याच्या दर्जात लक्षणीय फरक नाही. ताई म्हणाली, “पुढचं वाच.” पुढचं असं की पाच वर्षांत एम्बोलायझेशनवाल्या ३२ टक्के बायकांना पुन्हा काहीतरी करून घ्यावं लागलं, शस्त्रक्रियावाल्या फक्त ४ टक्क्यांना. नेदरलँड्समधल्या ‘एमी’ चाचणीत दहा वर्षांनी साधारण दोन-तृतीयांश बायकांची पिशवी शाबूत होती. म्हणजे एक-तृतीयांश बायकांची शेवटी काढावीच लागली. आणि २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या ‘फेम’ चाचणीत २५४ बायका होत्या. तिच्यात फक्त गाठी काढणं आणि एम्बोलायझेशन यांची तुलना याच प्रश्नावलीने केली होती. दोन वर्षांनी गाठी काढलेल्यांचे गुण ८४.६, एम्बोलायझेशनवाल्यांचे ८०.

“म्हणजे तू हरलीस,” ताई म्हणाली.

मी तसं वाचत नाही. दोन्ही गटांतल्या बायका आपापल्या जुन्या गुणांपासून खूप वर आल्या आणि त्यांच्यातला फरक या झेपेपुढे लहान आहे. पण तो आहे, आणि शस्त्रक्रियेच्या बाजूने आहे, हेही खरं. एम्बोलायझेशन सगळ्यांत भारी, असं सांगणाऱ्या जाहिराती मला आवडत नाहीत. माझ्या वयाला, माझ्या हिमोग्लोबिनला, माझ्या सुट्टीला ते जमलं. तिशीतली, मूल हवं असलेली मुलगी मला विचारते तेव्हा मी तिला आधी गाठी काढणाऱ्या सर्जनकडे पाठवते. आणि पिशवी काढलेल्या बाईला मी कधीही ‘अगं, घाई केलीस’ म्हणत नाही. ताईचे गुण मोजले तर माझ्याहून जास्त भरतील अशी मला दाट शंका आहे.

मला पुन्हा त्रास होणारच नाही, असं कुणी सांगितलेलं नाही. पाळी जाईपर्यंत चार-सहा वर्षं काढायची आहेत. ती गेली की संप्रेरकं उतरतात आणि गाठी आपोआप आणखी सुकतात. तोवर या मोठ्या गाठीने किंवा किरकोळ गाठींपैकी एखादीने डोकं वर काढलं, तर पुढचं बघू. डॉक्टर म्हणाल्या, त्रास नसेल तर दर वर्षी नुसती गाठ मोजायला सोनोग्राफी करायची गरज नाही. घरच्यांना ते पटलेलं नाही, त्यांना सेंटिमीटर हवेत. मी पुढच्या महिन्यात सीबीसी आणि फेरिटिन करून घेणार आहे. मागच्या वेळी फेरिटिन ३८ होतं. ते पन्नासच्या वर गेलं तर गोळ्या बंद करायचं डॉक्टरांशी ठरलंय.